वाटोळं

वसमतहून औंढ्याला जाताना
डाव्या हाताला हळदीचे ढीग लागतात,
त्यांच्या मागं आमची अंगणवाडी.
मार्चमध्ये भिंतींनासुद्धा शिजत्या हळदीचा वास.
पटावर सत्तावीस नावं,
पाट्या एकोणीस,
पेन्सिलींचा हिशोब मी ठेवत नाही:
लेकरं खातात.

तसंही पहिले सहा महिने मी पाटी देतच नाही.
ज्वारीत मिसळलेली तूर देते,
म्हणते, वेगळी करा.
जुना पेपर देते,
म्हणते, फाडा, पण सरळ फाडा.
कपडे वाळत घालायचे चिमटे देते.
दोरीला एकेक लावताना
अलफियाची जीभ बाहेर येते,
सम्यकचं नाक गळतं आणि तो पुसत नाही,
हात गुंतलेत.

कुणी म्हणतं, हा तर खेळ.
खेळच आहे.
पण अंगठा आणि दोन बोटं
एकमेकांना ओळखायला लागतात
ती ह्याच गोंधळात.
ज्या चिमटीत मीठ मावतं
तिच्यातच पुढं काना-मात्रा मावायची.

नागेशच्या आबांना हे पटत नाही.
किशनराव, एकेकाळचे सोसायटीचे चेअरमन,
दर सोमवारी दारात, चपला न काढता:
"ताई, पोरगं चार वर्षाचं झालं.
ह्याच्या मामाचं पोरगं परभणीत
ए पासून झेड लिहायलंय.
आमचं तूर निवडायलंय.
निवडायला घरी बाया हायेत की.
वाटोळं करायलात तुम्ही लेकराचं."

मी हसले नाही. रागही गिळला.
परभणीचं ते पोरगं मी पाहिलंय,
शिवरात्रीला आलं होतं.
कुणी हिसकावून घेईल
अशी पेन्सिल आवळून धरतं.
एक ओळ झाली की हात झटकतं.
चार वर्षांचं, आणि मनगट दुखतंय.

त्यात नागेश डावखुरा.
घरी जेवताना डाव्या हातावर चापट बसते,
म्हणून इथं येऊन तो
दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचा.
पोळा झाला, दिवाळी झाली,
हळदीची कढई चढली.
बाकीची ओल्या बोटांनी फरशीवर रेघा ओढायची,
आडवी, उभी, वाटोळी.
दारातलं ऊन त्या पुसून टाकायचं,
चुकलेलं काही उरायचंच नाही.
नागेश नुसता बघायचा.

मी त्याला काढ म्हटलं नाही.
शेजारी फतकल मारून
मीच डाव्या हातानं काढायला लागले.
माझी रेघ अशी काही भरकटली
की तो फिसकन हसला.
"ताई, तुम्हाला येतच नाही."
म्हटलं, मग दाखव.

मांडीखालून डावा हात निघाला.
बोटं पिवळी, नखांत माती.
तर्जनी वाटीत बुडवली,
फरशीवर टेकवली,
आणि चालू पडला.
वर गेला, वळला, जरा घसरला,
मध्येच थांबून श्वास घेतला,
आणि निघाला होता जिथून
तिथं परत आला.
टोकाला टोक लागलं.

हे लागणं सोपं नाही.
महिनोन् महिने पोरांच्या रेघा
घर विसरल्यासारख्या हिंडत असतात.

सोमवारच होता.
दारात चपला वाजल्या.
नागेशनं वर पाहिलं,
हात लपवायचा विसरला,
आणि ओरडला,
"आबा, बघा की! वाटोळं केलं!"

किशनराव बघत राहिले.
ऊन आत सरकत होतं.
आधी कड वाळली, मग वळण,
मग पाण्याचा एक ठिपका राहिला,
जोड जिथं होता तिथं.

त्यांनी चपला काढल्या,
एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर,
आणि गुडघा धरून खाली बसले.
"गेलं की रे," म्हणाले.
मग वाटी
नागेशच्या डाव्या बाजूला सरकवून,
"आणखी एक काढ."